शिष्य व्हायची तयारी कोणाची आहे?

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम, पिरंगुटपर्यंत दुतर्फा गृहसंकुलांची रांग लागते. उत्तरेकडे हिंजवडी, माण, मारुंजीच्या अंगानेही तेच दृश्य. कधीकाळी भाताच्या खाचरांसाठी आणि सेनापती बापटांच्या सत्याग्रहासाठी ओळखला जाणारा मुळशी तालुका आता पुण्याच्या मध्यमवर्गाचे नवे घर झाला आहे. या संकुलांच्या फाटकांवर, किराणा दुकानांच्या भिंतींवर, वीजखांबांवर जे फलक दिसतात ते वाचण्यासारखे असतात. गिटार, की-बोर्ड, ड्रम, तबला, बासरी. ‘तीन महिन्यांत वाजवा.’ ‘पहिला तास विनामूल्य.’ ‘पसंत न पडल्यास पैसे परत.’ पैसे परत देण्याची हमी मिक्सरला असते, प्रेशर कुकरला असते. ती विद्येलाही मिळू लागली, आणि ती मागताना आपल्यापैकी कोणाला संकोच वाटेनासा झाला, हा या लेखाचा विषय आहे.

दोष फलक लावणाऱ्याचा नाही. त्याला घरभाडे द्यायचे आहे, म्हणून गिऱ्हाईक जे मागते ते तो लिहितो. दोष मागणाऱ्याचा आहे. मुलाला तबल्याला घालायचे ठरले की आपण काय करतो? तीन ठिकाणी विनामूल्य तास करून पाहतो. कोणाचा वर्ग घरापासून जवळ, कोण परीक्षेला लवकर बसवतो, कोण स्नेहसंमेलनासाठी एखादे गाणे बसवून देतो, याचा तक्ता मांडतो. त्यातून एक शिक्षक निवडतो. चौथ्या महिन्यात शेजारचा मुलगा चित्रपटातले गाणे वाजवताना दिसतो आणि आपला अजून ‘धा धा तिट’मध्येच आहे असे ध्यानात येते. मग ‘सर, हे किती दिवस चालणार?’ असा प्रश्न जातो. पाचव्या महिन्यात शिक्षक बदलतो, सातव्यात वाद्य. दहाव्या महिन्यात तबल्याची जोडी माळ्यावर जाते आणि घरात एक वाक्य कायमचे रुजते, ‘त्याला संगीतात गती नाही.’ गती होती की नाही हे कळायला जेवढा अवधी लागतो, तेवढा त्याला कोणी दिलाच नाही.

गणितात वा इतिहासात शिक्षक चुकला तर हुशार विद्यार्थी पुस्तक उघडून पडताळा घेऊ शकतो. वाद्याचे तसे नाही. नवशिक्याच्या हाताला स्वतःची चूक कळत नसते, कारण चूक ओळखणारा कान त्याच हातासोबत हळूहळू घडत असतो. बासरी घ्या. पहिले कित्येक दिवस फुंकरीतून वारा जातो, सूर लागत नाही. लागला तरी बोटांची पेरे छिद्रांवर पूर्ण बसलेली नसतात, त्यामुळे खालचा स्वर फाटतो. शिकणाऱ्याला वाटते बासरी वाईट आहे. गुरूला दिसते की अनामिका पाव इंच सरकली आहे. तबल्यावर ‘ना’ चाटेवर वाजतो, पण तो वाजताना अनामिका शाईच्या कडेशी हलकी टेकलेली असावी लागते. ती दाबली गेली की नाद मरतो. हे पुस्तकात लिहिता येते. अरविंद मुळगावकरांच्या ‘तबला’ या ग्रंथाने मराठीत हे शास्त्र उत्तम मांडले आहे. पण ग्रंथ तुमचे मनगट पाहत नाही. आणि चुकीच्या मनगटाने सहा महिने केलेला रियाज हा सहा महिन्यांचा रियाज नसतो. ती पुढे वर्षभर पुसत बसावी लागणारी सवय असते.

येथे एक बारकावा सांगायला हवा, कारण नेमका त्यातच आजचा सुशिक्षित पालक फसतो. ‘तिट’ हा अगदी आरंभीचा बोल. दिल्लीच्या बाजात त्यातला ‘ति’ मधल्या बोटाने आणि ‘ट’ तर्जनीने वाजतो. पूरबच्या बाजात ‘ति’साठी मधले बोट आणि अनामिका एकत्र येतात. पालक मोबाईलवर दोन चित्रफिती पाहतो, दोन निराळे हात पाहतो आणि वर्गात येऊन विचारतो, ‘सर, बरोबर कोणते?’ दोन्ही बरोबर आहेत. दोन्हींच्या मागे पिढ्यांची तपश्चर्या आहे. सोमवारी हे आणि गुरुवारी ते, असे करणे मात्र चूक. अशा मुलाच्या बोटांना दिल्लीही लाभत नाही आणि पूरबही. पुण्याहून मुंबईला जायला महामार्ग आहे आणि ताम्हिणी घाटातून कोकणात उतरून जाणारा लांबचा रस्ताही आहे. अर्ध्यावर येऊन वाट बदलणारा दरीत फिरत राहतो.

पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची गोष्ट संगीतप्रेमींना ठाऊक आहे, पण तिचा अर्थ नीट घेतला जात नाही. अलाहाबादच्या एका पैलवानाचा हा मुलगा. पंडित राजाराम यांच्याकडे गाण्याचे आणि वाराणसीच्या पंडित भोलानाथ प्रसन्ना यांच्याकडे बासरीचे शिक्षण झालेले. १९५७ मध्ये कटकच्या आकाशवाणी केंद्रावर नोकरी, पुढे मुंबई, चित्रपटसंगीतात उत्तम जम. अशा स्थितीत हा कलावंत अन्नपूर्णादेवींच्या दारी गेला. त्या सूरबहारच्या साधक, बासरी वाजवत नसत. त्यांनी अनेकदा नकार दिला. शेवटी शिकवायचे मान्य केले ते आतापर्यंतचे सारे विसरून प्रारंभापासून आरंभ करण्याच्या अटीवर. चौरसियांनी काय केले? आपली निष्ठा दाखवण्यासाठी बासरी धरण्याची बाजूच बदलली. उजवीकडे धरत होते ते डावीकडे धरू लागले. म्हणजे बोटांनी वर्षानुवर्षे कमावलेले सगळे स्वहस्ते शून्यावर आणले आणि हात खरोखरच नवशिक्याचा करून घेतला. ज्या बाईंनी ते वाद्य हाती घेतले नव्हते, त्या गाऊन सांगत आणि हा वाजवी.

आजच्या व्यवहारी पालकाने त्या काळी सल्ला दिला असता तर तो काय दिला असता? ‘अहो, त्या बासरी वाजवत नाहीत. तुम्ही नावारूपाला आलेले आहात. दुसरीकडे बघा.’ हा सल्ला तर्काला धरून आहे आणि पूर्णपणे चुकीचा आहे. चौरसियांना बासरी कशी फुंकावी हे शिकायचे नव्हते, राग कसा उलगडावा हे शिकायचे होते. ते कोणाजवळ आहे हे त्यांनी ओळखले आणि मग हात राखून दिला नाही.

आता दुसरी बाजू. गुरुशिष्य परंपरा म्हटले की एका वर्गाच्या कपाळाला लगेच आठ्या पडतात. ‘सरंजामी’, ‘शोषक’, ‘प्रश्न विचारू न देणारी’ ही विशेषणे तयार असतात. त्यांत तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिष्याला वर्षानुवर्षे घरकामाला जुंपणारे, चीजा दडवून ठेवणारे, हात उगारणारे गुरू होऊन गेले. घराण्याबाहेरच्याला अस्ताई देऊन अंतरा राखून ठेवणारे होऊन गेले. पण या दोषांवर घाव कोणी घातला? परंपरेबाहेर उभे राहून नाके मुरडणाऱ्यांनी नव्हे. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईचे वकील. त्यांनी देशभर हिंडून घराण्याघराण्यांत कुलूपबंद असलेल्या बंदिशी मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’तून सर्वांना खुल्या केल्या. आणि कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झालेला हा मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे राहिला. बुवांनी स्वतः हालअपेष्टा सोसून ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणलेली. त्यांच्यापाशी घडलेल्या पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, स्वरलेखन पद्धती रचली, पाठ्यपुस्तके छापली, सर्वसामान्य घरांतल्या मुलामुलींना संगीताचे दार उघडले. दाराचे कुलूप त्यांनी काढले, घर पाडले नाही. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे शिष्य त्यांनी जवळ ठेवूनच घडवले.

तेव्हा पुस्तक की गुरू, हा वाद मुळात खोटा आहे. पलुस्करांनी दोन्ही दिले. आपण मात्र पुस्तक घेतले, परीक्षा घेतली आणि गुरू तेवढा गाळला. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही पायऱ्यांची व्यवस्था शिकणाऱ्याला दिशा मिळावी म्हणून उभी राहिली. आता दहावीला शास्त्रीय कलांचे अतिरिक्त गुण मिळतात म्हटल्यावर त्या पायऱ्या शिडीसारख्या भिंतीला लावून चढल्या जात आहेत. परीक्षेपुरते चार कायदे, दोन रेले, तोंडपाठ व्याख्या आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी तबल्यावर गवसणी. शासनाने गुण दिले ते चांगल्या हेतूने. त्याचा असा बाजार करण्याचे श्रेय पूर्णतः आपले आहे.

आणखी एक आक्षेप घेतला जाईल. श्रद्धा म्हणजे एकदा धरलेला गुरू जन्मभर सोडायचाच नाही काय? असे परंपरेने कधी सांगितले नाही. १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणारे, बालगंधर्व आणि मास्तर कृष्णरावांचे गुरू भास्करबुवा बखले यांनी स्वतः बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नथ्थन खाँ आणि जयपूरचे अल्लादिया खाँ अशा तिघांकडे विद्या घेतली. मात्र ती कशी घेतली? एकेकाकडे वर्षानुवर्षे राहून, त्याची गायकी गळ्यात पूर्ण मुरवून. ते एका घरी जेवून तृप्त झाल्यावर दुसऱ्या घरी गेले. आपली मुले तीन घरची ताटे उष्टी करून उपाशीच परततात. आणि येथे हेही नमूद केले पाहिजे की बुवांसारख्या कर्मठ घरातल्या ब्राह्मणाने खाँसाहेबांच्या पायाशी बसताना विद्येपुढे दुसरा विचार मनात आणला नाही. आपल्या पूर्वजांच्या विद्यानिष्ठेची ही कसोटी आपल्याला आज पेलेल काय, याचा विचार आपल्याच मंडळींनी करावा.

मग गुरू निवडायचा कसा? डोळे मिटून नव्हे. गीतेच्या चौथ्या अध्यायात प्रणिपाताच्या शेजारीच परिप्रश्नाला स्थान आहे. ज्यांना आपली परंपरा अंधश्रद्धेची वाटते त्यांनी ते पाहावे, आणि ज्यांना नुसत्या पाद्यपूजेतच परंपरा दिसते त्यांनीही पाहावे. चौकशी करायची ती आधी. शिक्षकाला वाजवायला सांगू नका, त्याचे चार वर्षे शिकलेले दोन विद्यार्थी ऐका. त्यांचे खांदे मोकळे आहेत का, लय वाढली की बोल चिरडले जातात का, हे संगीत न कळणाऱ्यालाही थोडे लक्ष दिले तर कळते. तो शिक्षक स्वतः आजही रियाज करतो का, हे पाहा. एखाद्या मुलाला ‘अजून तयारी नाही’ म्हणून परीक्षेला न बसवण्याचे धैर्य त्याने कधी दाखवले आहे का, हे विचारा. दाखवले असेल तर निर्धास्त व्हा. पालकाला वर्गात बसू देत नसेल तर मुलाला तेथे ठेवू नका. मुलाच्या अंगावर हात टाकणाऱ्या, मनाला जखम करणाऱ्या माणसाला गुरुपदाचा कसलाही अधिकार उरत नाही, त्याचा हात कितीही तयार असो. शिष्याने गुरूच्या स्वाधीन करायचे असतात ते हात आणि कान. बाकी काही नाही. हे सारे पाहून एकदा निवड केली, की मग निदान दोन वर्षे ‘हे कशासाठी?’ हा प्रश्न शिकण्यासाठी विचारावा, मोलभाव करण्यासाठी नव्हे.

आपल्याकडे एखादी गोष्ट पाश्चात्त्य शिक्का लागून आली की ती लगेच पटते, म्हणून तोही दाखला देतो. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले सर्वोत्तम विद्यार्थी विसाव्या वर्षापर्यंत सरासरी सुमारे दहा हजार तास एकट्याने सराव करून बसले होते. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००८ मधल्या आपल्या पुस्तकातून हा आकडा घराघरांत पोहोचवला आणि दहा हजार तास ही आमच्या व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतली म्हण झाली. मूळ अभ्यासात ज्याला हेतुपूर्वक सराव म्हटले होते, तो शिक्षकाने विद्यार्थ्याची उणीव पाहून आखून दिलेला सराव होता. आकडा पोहोचला, शिक्षक वाटेत गळाला. योगायोग पाहा.

जपानच्या शिनिची सुझुकींची व्हायोलिन शिकवण्याची पद्धत आज जगभर नावाजली जाते. मूल मातृभाषा जशी शिकते तसे ते वाद्य शिकेल, हे तिचे सूत्र. आधी ऐकणे, मग वाजवणे, वाचन पुष्कळ नंतर. आई वा वडील तासाला सोबत बसणार आणि घरी सराव करून घेणार. पद्धत उत्तम आहे, सुझुकींविषयी आदरच आहे. पण ज्या मुळशीतली कुटुंबे अशा पद्धतींचे वर्ग शोधत शहरभर गाडी दामटतात, त्याच मुळशीत, त्यांच्या संकुलाच्या कुंपणापलीकडे, मारुतीच्या वा विठ्ठलाच्या देवळात दुसरे काय चाललेले असते? एकादशीच्या रात्री भजन उभे राहते. पखवाजाच्या धुमेला कणीक लावली जाते, हातोडीने शाईची बाजू सुरात आणली जाते. बुवांच्या मांडीला मांडी लावून आठ-दहा वर्षांचा मुलगा टाळ घेऊन बसलेला असतो. दोन वर्षे तो नुसता टाळ धरतो. भजनी ठेका त्याच्या अंगात आधी मुरतो, तोंडात बोल मागाहून येतात आणि हात पखवाजावर सर्वांत शेवटी पडतो. ‘तिट कत गदि गन’ तो मांडीवर वाजवतो, शेतावर वाजवतो, शाळेच्या बाकावर वाजवून मार खातो. बाप शेजारी वीणा वा चिपळ्या घेऊन उभा. ऐकणे आधी, पालक सोबत, लिहिणे नाहीच. यातलाच एखादा पुढे आळंदीला जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत जातो. या पद्धतीला कोणी नाव दिले नाही, माहितीपत्रक छापले नाही, म्हणून ती आपल्याला पद्धत वाटत नाही इतकेच.

पण हे चित्रही झपाट्याने पुसट होत आहे. जमिनी विकल्या गेल्या, गाड्या आल्या, सप्ताहाला बाहेरून वादक आणण्याची पद्धत पडली. गावातल्या बुवांचा मुलगा आता त्याच संकुलाच्या फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून उभा आहे. आत एक पालक आपल्या मुलासाठी चांगला तालवाद्य शिक्षक कोठे मिळेल म्हणून मोबाईल चाळतो आहे. दोघांमध्ये अंतर एका कुंपणाचे आहे.

निवासी गुरुकुल आता शक्य नाही, असे म्हणणाऱ्यांनी कोळवणला जाऊन यावे. चिन्मय मिशनने तेथे, चिन्मय विभूतीच्या परिसरात, ‘चिन्मय नादबिंदू’ हे भारतीय संगीताचे गुरुकुल उभारले आहे. बासरीही शिकवली जाते. प्रत्येकाला घरदार सोडून तेथे राहता येणार नाही, हे उघड आहे. परंतु मुळशीच्या ज्या खोऱ्यात दुसऱ्या घराचे भूखंड विकले जातात, त्याच खोऱ्यात विद्येसाठी वस्ती होऊ शकते, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

यंत्रांविषयी दोन शब्द. तानपुऱ्याची आणि लेहऱ्याची उपकरणे मोबाईलवर आली, हे फार चांगले झाले. एकट्याने रियाज करणाऱ्याला पूर्वी लेहरा धरायला माणूस मिळत नसे. थिरकवाँ खाँसाहेबांचे जुने ध्वनिमुद्रण आज खेड्यातल्या मुलाला क्षणात ऐकता येते. ऐकण्यासाठी हे भांडार लुटावे तेवढे थोडे. ज्या दिवशी ते शिकण्याच्या जागी बसते, त्या दिवशी अनर्थ सुरू होतो. चित्रफीत तुम्हाला दिसते. तिला तुम्ही दिसत नाही.

आता घरचाच आहेर. आपल्यातले कितीतरी कार्यकर्ते घोषात वाजवलेले आहेत. वंशी, शंख, आनक, पणव यांपैकी एकेक वाद्य हाती घेऊन वर्गात भर उन्हात तोच तो रचनेचा तुकडा शंभरदा घोटलेला आहे. घोषप्रमुखाला ‘हे किती दिवस?’ असे कोणी विचारले नाही. विचारले असते तर काय उत्तर मिळाले असते ते सांगायला नको. तोच स्वयंसेवक बाप झाल्यावर मुलाच्या शिक्षकाकडे चौथ्या महिन्यात हिशेब मागायला जातो, याचा उलगडा होत नाही. आणि गुरुपौर्णिमेला सभागृह भाड्याने घेऊन गुरुमहिमा सांगणारे आपण, शिक्षकाचे मानधन देताना दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीचे पैसे कापून घेतो. त्या दोन महिन्यांत तबला शिकवणाऱ्याने काय खावे, हा प्रश्न कोणाला पडत नाही. शिकवणीचे शुल्क तासावर मोजले की तो तासाचा नोकर होतो. नोकराकडून विद्या मिळत नाही, काम मिळते. वर्षाचे शुल्क ठरवा, बारा महिने द्या आणि मूल गैरहजर राहिले तर दोष मुलाला द्या.

मुळशीतल्या संकुलांच्या संचालक मंडळांवर आपल्यातले पुष्कळजण आहेत, म्हणून त्यांच्यासाठी एक काम सुचवतो. संकुलातली व्यायामशाळा चोवीस तास उघडी असते. सभागृह वाढदिवसांना भाड्याने जाते. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते शेजारच्या गावातल्या पखवाजवादक बुवांना विनामूल्य द्या. वीस मुले जमवा, गावातली दहा आणि संकुलातली दहा, एकाच सतरंजीवर. दोन वर्षे कार्यक्रम मागू नका. आवाजाची तक्रार येईल, ती गणेशोत्सवातल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीबद्दल कधी आली होती का, हे सभेत विचारून घ्या. बुवांना दरमहा किती द्यायचे हे ठरवताना पोहण्याच्या तलावाच्या देखभालीचा आकडा समोर ठेवा.